सिमिली, सिम्बॉल, सेलिअन्स: इंग्रजीच्या तासाला अडवणाऱ्या संज्ञा ओळखायच्या कशा?

कानामात्रा

इंग्रजीच्या पेपरात आता दोन तऱ्हेचे प्रश्न शेजारी शेजारी बसलेले असतात. एकात कवितेच्या ओळी किंवा उतारा, दुसऱ्यात पोस्टर, जाहिरात, चित्र नाहीतर सिनेमातली एखादी चौकट. विचारणा एकच: कुठलं तंत्र वापरलंय आणि त्यानं काय साधलंय? मुलं व्याख्या घोकून जातात आणि उत्तरात घसरतात, कारण संज्ञा म्हणजे काय हे व्याख्येत असतं, ती समोरच्या ओळीत आहे की नाही हे ठरवायचं कसं ते नसतं. म्हणून या धाग्यावर व्याख्या कमी आणि कसोट्या जास्त लिहूया. प्रत्येक संज्ञेला दोन गोष्टी हव्यात: ओळखायची खूण आणि हमखास होणारी चूक.

सुरुवात सिमिली आणि मेटॅफरपासून. मराठी व्याकरणात उपमेचे चार भाग शिकवतात तेच इथे कामी येतात: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. हे वाक्य घ्या: 'हिज व्हॉइस वॉज लाइक अ रस्टी हिंज.' उपमेय आवाज, उपमान गंजकी बिजागरी, साधारण धर्म करकर आणि 'लाइक' हा साम्यवाचक शब्द. चारही भाग सापडले की सिमिली. आता 'लाइक' काढून टाका: 'हिज व्हॉइस वॉज अ रस्टी हिंज.' हे मेटॅफर, म्हणजे आपलं रूपक.

इथपर्यंत बहुतेकांना येतं. गाडी अडते ती तिसऱ्या प्रकारात: 'हिज व्हॉइस क्रीक्ड ओपन.' इथे बिजागरी कुठेच लिहिलेली नाही. ती क्रियापदात दडून बसली आहे. हेही मेटॅफरच, पण 'इज' किंवा 'वॉज' शोधत फिरणाऱ्याला ते दिसत नाही. म्हणून ओळ वाचताना नामांपेक्षा क्रियापदांवर आधी पेन्सिल टेकवा आणि विचारा, ही क्रिया खरं तर कोणाची?

उपमेय-उपमानाला इंग्रजीत टेनर आणि व्हेइकल म्हणतात. या जोडीचा वापर आय. ए. रिचर्ड्स यांनी १९३६ मध्ये रूढ केला. शाळेच्या उत्तरात हे शब्द आले नाहीत तरी चालतं. कोणाची तुलना कशाशी आणि कुठल्या गुणावरून, हे तीन खांब मात्र उत्तरात उभे असलेच पाहिजेत. तिसरा खांब सर्रास गळतो.

अर्धविराम

सिमिलीच्या खोट्या खुणांबद्दल थोडं जोडतो. 'लाइक' किंवा 'ॲज' दिसलं की अधोरेखित करायची सवय मोडायला हवी. 'शी वर्क्स ॲज अ नर्स' यात तुलनाच नाही, ती खरोखर नर्स आहे. 'आय लाइक रेन' मधलं 'लाइक' तर क्रियापद आहे. 'ही सँग ॲज द ट्रेन लेफ्ट' मधलं 'ॲज' वेळ सांगतं. आणि 'ही लुक्स लाइक हिज फादर' हे साधं साम्य आहे, अलंकार नाही. माणसाची तुलना माणसाशी झाली की सिमिली होत नाही.

शब्दखूण

शेवटचं वाक्य पटलं नाही, अर्धविराम. 'शी लुक्ड ॲट मी लाइक अ जज' यातही माणसाची तुलना माणसाशीच आहे, तरी ही सिमिली आहे. ती बाई न्यायाधीश नाही, पण नजरेत निवाडा आहे. कसोटी माणूस-माणूस अशी लावू नका. साम्य शब्दशः तपासता येतं का, ते बघा. बापलेकाचे फोटो शेजारी ठेवून नाकडोळे जुळवता येतात, तिथे अलंकार नाही. नजर आणि निवाडा असे जुळवता येत नाहीत, तिथे आहे.

अर्धविराम

मान्य. ही कसोटी जास्त पक्की आहे. माझं वाक्य खोडलं समजा.

शब्दखूण

आणखी एक. मराठीतून जाणाऱ्यांचा गोंधळ उत्प्रेक्षेपाशी होतो. 'जणू', 'गमे', 'वाटे', 'भासे' आले की आपल्याकडे उत्प्रेक्षा. इंग्रजीत तेवढ्यासाठी वेगळं खोकं नाही. 'ॲज इफ' आणि 'ॲज दो' दोन्ही सिमिलीतच जातात. उलट 'हे मुख नव्हे, हा चंद्रच' ही आपली अपन्हुती. इंग्रजीच्या वर्गात तिला मेटॅफर म्हटलं की भागतं. मराठी वर्गवारी जास्त बारीक आहे, इंग्रजी जाळी मोठी आहे. एकास एक जोड्या लावत बसलात तर वाट चुकाल. थोड्याच जोड्या जवळपास बरोबर बसतात: चेतनगुणोक्ती आणि पर्सॉनिफिकेशन, अतिशयोक्ती आणि हायपर्बली, विरोधाभास आणि पॅरडॉक्स, श्लेष आणि पन.

पॅरडॉक्सचंच आटोपशीर रूप म्हणजे ऑक्सिमोरॉन. दोन विरोधी शब्द अंगाला अंग लावून उभे असतात, जसं 'डेफनिंग सायलेन्स'. पूर्ण विधानात विरोध असेल तर पॅरडॉक्स, दोन शब्दांच्या जोडीत असेल तर ऑक्सिमोरॉन.

निळीशाई

पर्सॉनिफिकेशनवर एक प्रश्न. 'द विंड हाउल्ड' याला बहुतेक पुस्तकं पर्सॉनिफिकेशन म्हणतात. पण हाउल तर लांडगा करतो, माणूस नव्हे. मग?

कानामात्रा

बरोबर जागी बोट ठेवलंत. काटेकोरपणे पाहिलं तर ते प्राण्याचं रूप देणं आहे, त्याला झूमॉर्फिझम म्हणतात. वर्गात पर्सॉनिफिकेशन लिहिलं तर सहसा चालून जातं. तरी बिनधोक वाट ही की संज्ञेवर अडून न राहता 'हाउल्ड हे क्रियापद वाऱ्याला शिकारी प्राण्याच्या रांगेत बसवतं' असं लिहायचं. संज्ञेबद्दल वाद होईल, या वाक्याबद्दल नाही.

पर्सॉनिफिकेशनची कसोटी: ती क्रिया, भावना किंवा हेतू फक्त माणसाचा आहे का? 'द विंड ब्लू' यात काही नाही, वारा वाहतोच. 'द विंड अपॉलजाइज्ड' यात आहे. आणि झिजून गेलेले प्रयोग धरू नका. टेबलाचा पाय, बाटलीचं तोंड, घड्याळाचे हात यांना अलंकार म्हणणं म्हणजे भाषेतल्या प्रत्येक म्हाताऱ्या शब्दाला टाळ्या वाजवणं. इंग्रजीत बाटलीला तोंडाबरोबर मानही असते, पण तीही झिजलेलीच.

पथेटिक फॅलसी यापेक्षा जरा वेगळी. हा शब्द जॉन रस्किन यांनी १८५६ मध्ये घडवला, तोही टीकेच्या सुरात. निसर्गावर माणसाच्या मनःस्थितीचा रंग चढवणं असा त्याचा अर्थ: पात्र रडतंय आणि बाहेर पाऊसही कोसळतोय. नुसता पाऊस पडला म्हणून नव्हे, तर पाऊस आणि पात्राचं मन यांची सांगड दिसली तरच ही संज्ञा वापरा.

टाळमृदंग

नादाच्या संज्ञांबद्दल मी लिहितो, कारण इथे मराठी डोळा सगळ्यात जास्त फसवतो.

ॲलिटरेशन, म्हणजे जवळच्या शब्दांत तेच व्यंजन पुन्हा येणं, अक्षरांचं नसतं, आवाजाचं असतं. 'सिटी' आणि 'कॅट' इंग्रजीत एकाच अक्षराने लिहितात, पण ते ॲलिटरेशन नाही. 'फोन' आणि 'फायर' वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात, तरी आहे. गंमत अशी की देवनागरीत लिहून पाहिलं की हा घोळ मिटतो, कारण आपली लिपी आवाजामागे चालते. संशय आला तर ओळ देवनागरीत लिहून बघा.

दुसरा फरक असा की आपल्या अनुप्रासात अक्षर शब्दात कुठेही वारंवार आलं तरी चालतं. ॲलिटरेशनमध्ये आवाज शब्दाच्या सुरुवातीला, नाहीतर निदान आघाताच्या, म्हणजे बोलताना जोर येणाऱ्या, अवयवाच्या (सिलेबलच्या) सुरुवातीला यावा लागतो. मधे किंवा शेवटी येणारी व्यंजनं कॉन्सोनन्समध्ये जातात, स्वरांची पुनरावृत्ती असोनन्समध्ये. पेपरात या तिन्हींची अदलाबदल फार होते.

ऑनोमॅटोपीया म्हणजे आवाजाची नक्कल करणारा शब्द: बझ, हिस, थड, क्लॅटर. ग्रीकमधला मूळ अर्थ 'नाव घडवणं'. मराठीत खळखळ, सळसळ, धाडधाड हे थेट बसतात. पण लखलख, चकचक, लुसलुस? हे ध्वन्यनुकारी वाटतात, घडणही तीच, तरी लखलखण्याला आवाज नसतो. हे शब्द उजेडाची आणि स्पर्शाची नक्कल करतात. इंग्रजी व्याख्येत ते बसत नाहीत. या जातीचे शब्द इंग्रजीत फारच थोडे असल्यामुळे तिथली वर्गपुस्तकं त्यांच्याबद्दल बोलतच नाहीत.

राइमही कानाने ठरतो. 'थ्रू' आणि 'ब्लू' स्पेलिंगमध्ये एकमेकांचे कोणी लागत नाहीत, तरी यमक जुळतं. 'लव्ह' आणि 'मूव्ह' दिसायला जुळे, कानाला परके. त्याला आय-राइम म्हणतात. आपल्या यमकात तीच अक्षरं वेगळ्या अर्थाने आली की दाद मिळते. इंग्रजीत आघाताच्या स्वरापासून पुढचं सारखं आणि त्याच्या आधीचं व्यंजन वेगळं असावं अशी अपेक्षा असते. म्हणून 'मेड' आणि 'शेड' चोख, तर रात्रीचा 'नाइट' आणि सरदार 'नाइट' ही जोडी आपल्याकडे वाहवा घेईल, तिकडे तिला आयडेंटिकल राइम म्हणून बाजूला काढतात.

राइम स्कीम लिहिताना ओळीच्या शेवटच्या आवाजाला ए, बी, सी अशी अक्षरं देत जायचं, नवा आवाज आला की नवं अक्षर. पुढचं कडवं सुरू झालं म्हणून पुन्हा ए पासून मोजायला लागणं, ही या प्रश्नातली सगळ्यात स्वस्त चूक.

अर्धविराम

एन्जॅम्बमेंट राहिलं. ओळ संपते पण वाक्य संपत नाही, अर्थ पुढच्या ओळीत सांडतो. ओळीच्या शेवटी विरामचिन्ह नसणं ही पहिली खूण, पण तेवढ्यावर विसंबू नका. काही कवी विरामचिन्हंच वापरत नाहीत, तिथे वाक्यरचना बघावी लागते. ओळीच्या मधे येणारा ठळक थांबा म्हणजे सीझ्युरा. परिणाम लिहिताना 'गती वाढते' एवढ्यावर थांबू नका. कोणता शब्द ओळीच्या टोकाला लटकत ठेवलाय तो सांगा. कवीनं ओळ नेमकी तिथे तोडली, त्याचं कारण बहुधा त्या शब्दातच असतं.

निळीशाई

टोन आणि मूड यांचं काय? दोन्हीला मराठीत 'भाव' म्हणून मोकळं होतात.

शब्दखूण

तिथेच घात होतो. टोन म्हणजे लिहिणाऱ्याचा सूर, विषयाकडे किंवा पात्राकडे बघण्याची त्याची वृत्ती. मूड म्हणजे वाचणाऱ्याभोवती तयार होणारं वातावरण. आपण मराठीत 'त्याचा मूड गेला' म्हणतो तेव्हा माणसाबद्दल बोलत असतो, म्हणून मुलं मूडच्या उत्तरात पात्राची मनःस्थिती लिहून येतात. ते तिसरंच.

दोन्ही एकमेकांविरुद्ध जाऊ शकतात. एखाद्या भीषण अपघाताचं वर्णन कोरड्या, कार्यालयीन भाषेत केलेलं असेल तर टोन अलिप्त आणि मूड अंगावर येणारा. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे टोनला पुढे 'टुवर्ड्स' लागतं, तिरस्कार कोणाविषयी, जिव्हाळा कोणाविषयी. मूडला असं लक्ष्य नसतं, तो खोलीतल्या धुरासारखा सगळीकडे असतो. आणि 'पॉझिटिव्ह टोन', 'निगेटिव्ह टोन' कृपा करून लिहू नका. उपहासाचा, हळवा, सावध, करवादलेला, गौरवाचा असा नेमका शब्द द्या.

थीमचंही तसंच. 'वॉर' ही थीम नाही, तो विषय आहे. थीम पूर्ण वाक्यात येते: युद्ध जिंकणाऱ्यालाही रिकामं करून सोडतं. आणि 'युद्ध करू नये' हीसुद्धा थीम नाही, ते तात्पर्य झालं. एका शब्दात उरकलं तर विषय, आज्ञार्थी किंवा विध्यर्थी क्रियापद आलं तर तात्पर्य.

कानामात्रा

सिम्बॉल आणि मेटॅफर वेगळे करायची एक साधी युक्ती. ती वस्तू गोष्टीत खरोखर आहे का, ते बघा. गोष्टीत पात्राच्या हातात पिंजरा असेल, त्याचं दार उघडत-मिटत असेल आणि त्यातून बंधनाचा अर्थही निघत असेल, तर पिंजरा सिम्बॉल. पात्र म्हणत असेल 'धिस हाउस इज अ केज' आणि घरात पिंजरा कुठेच नसेल, तर मेटॅफर. सिम्बॉलला हात लावता येतो. तीच वस्तू किंवा शब्द पुन्हा पुन्हा येत राहिला की मोटीफ.

इमेजरीचं भाषांतर 'प्रतिमा' केल्यामुळे मुलं फक्त दिसणाऱ्या गोष्टी शोधतात. इमेजरी पाचही इंद्रियांची असते. ओल्या चुन्याचा वास, जिभेवरचा लोखंडी चवीचा रक्ताचा थेंब, मानेवरची गार फरशी, हे सगळं इमेजरीत येतं. उत्तरात इंद्रिय नाव घेऊन सांगा, एका शब्दाने उत्तर नेमकं होतं.

आयरनीचे तीन प्रकार थोडक्यात. बोलतो एक आणि अभिप्रेत उलट, ती व्हर्बल, म्हणजे आपला उपरोध. अपेक्षेच्या नेमकं उलट घडतं, ती सिच्युएशनल: कुलपांच्या दुकानाचंच कुलूप फोडलं जातं. प्रेक्षकाला ठाऊक आणि पात्राला नाही, ती ड्रॅमॅटिक. नुसतं दुर्दैव म्हणजे आयरनी नव्हे. सहलीच्या दिवशी पाऊस आला तर ती फक्त फजिती. हवामानखात्याची सहल पावसात वाहून गेली तर बोलू.

तिरपाकोन

आता चित्रांकडे वळू. दृश्य संज्ञांची पहिली अडचण अशी की त्यांतले दोनतीन शब्द साहित्यातल्याच शब्दांचे जुळे भाऊ आहेत. चित्रात टोन म्हणजे उजेड-काळोखाची मात्रा, लेखकाचा सूर नव्हे. गोष्टीत पॉइंट ऑफ व्ह्यू म्हणजे कोण सांगतंय, चौकटीत पॉइंट ऑफ व्ह्यू शॉट म्हणजे कॅमेरा कोणाच्या डोळ्यांच्या जागी ठेवलाय. प्रश्न चित्राचा आहे की मजकुराचा हे पाहूनच शब्द उचला.

सगळ्यात जास्त गुण जातात ते शॉट साइझ आणि अँगल एकत्र कालवल्यामुळे. 'क्लोज-अप अँगल' असं काही नसतं. साइझ म्हणजे चौकटीत माणूस केवढा मावलाय: लाँग शॉटमध्ये डोक्यापासून पायापर्यंत आणि भोवतालही, मिड शॉटमध्ये साधारण कमरेपासून वर, क्लोज-अपमध्ये चेहरा, एक्स्ट्रीम क्लोज-अपमध्ये नुसता डोळा किंवा बोटाचं टोक. अँगल म्हणजे कॅमेरा कुठल्या उंचीवरून कुठे बघतोय: हाय, आय-लेव्हल, लो. चौकट तिरकी केली तर डच टिल्ट. एकाच चित्राला साइझही असतो आणि अँगलही, म्हणून उत्तरात दोन्ही सांगा.

दुसरी चूक झूमची. स्थिर चित्रात झूम होत नाही. पोस्टरबद्दल 'द इमेज झूम्स इन' लिहिलं की तपासणाऱ्याला कळतं, संज्ञा पाठ आहे, समजलेली नाही. झूमला वेळ लागतो, तो सिनेमातच. तिथेही झूम आणि ट्रॅकिंग वेगळे: झूममध्ये भिंगाचा आवाका बदलतो, कॅमेरा जागचा हलत नाही, ट्रॅकिंगमध्ये कॅमेराच सरकतो, त्यामुळे जवळच्या वस्तू लांबच्यांपेक्षा झपाट्याने मागे पडतात. खूण हीच.

टाळमृदंग

लो अँगल म्हणजे सत्ता, हाय अँगल म्हणजे दुबळेपणा, हे समीकरण तर ठरलेलंच आहे ना?

तिरपाकोन

ठरलेलं नाही, आणि याच समीकरणाने उत्तरं सपाट होतात. लो अँगल उंच माणसाला दरारा देतो हे खरं. पण तोच लो अँगल लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेला असेल तर आपण त्या मुलाच्या बाजूला उभे राहतो. कड्याच्या टोकावरच्या माणसाचा लो अँगल त्याला बलवान करत नाही, पडण्याची भीती वाढवतो. हाय अँगलमधून बुद्धिबळाच्या पटासारखी गर्दी दाखवली तर दुबळेपणापेक्षा आकृतिबंध जाणवतो. आधी चौकटीत काय आहे ते बघा, अँगलचा अर्थ नंतर लावा. रंगांचंही हेच. लाल म्हणजे धोका, पांढरा म्हणजे शांती असली यादी बिनकामाची, कारण पांढरा कुठे वधूचा असतो, कुठे शोकाचा. आजूबाजूचे रंग त्याला कसे वागवतात ते सांगा.

रंगाबद्दल बोलताना तीन शब्द वेगळे ठेवा. ह्यू म्हणजे रंगाचं कूळ, लाल की निळा. सॅच्युरेशन म्हणजे त्याची धग, किती कडक किती फिकुटलेला. टोन म्हणजे किती उजळ किती गडद. 'ब्राइट कलर्स' म्हणताना यातलं काय म्हणायचंय ते बहुतेकांना सांगता येत नाही.

निळीशाई

सेलिअन्स, व्हेक्टर, डिमांड, ऑफर हे शब्द मात्र भीतीच घालतात.

तिरपाकोन

शब्द अवघड, गोष्ट साधी. गुंथर क्रेस आणि थिओ व्हॅन ल्युवेन यांनी १९९६ मध्ये चित्रांसाठी जे व्याकरण मांडलं त्यामुळे हे शब्द वर्गात रूढ झाले.

सेलिअन्स म्हणजे नजर पहिल्यांदा कुठे जाते. पण 'मुलगी सेलिअंट आहे' इथे थांबलात तर अर्धं उत्तर. ती कशामुळे सेलिअंट झाली ते सांगायला हवं, आणि कारणं मोजकीच असतात: आकार, रंगाचा विरोध, उजेड, धारदार फोकस, पुढची जागा, भोवतीची मोकळीक. ओळखायला चित्र हातभर लांब धरा आणि डोळे किलकिले करा. बारकावे पुसले जातात आणि जे उरतं ते सेलिअंट.

व्हेक्टर म्हणजे नजरेला ओढून नेणारी रेघ. ती खरी असू शकते, रस्ता, काठी, ताणलेला हात. किंवा न काढलेली, जसं पात्राच्या बघण्याची दिशा. व्हेक्टर कुठून निघतो आणि कुठे पोचतो ही दोन्ही टोकं लिहायची. एकच टोक लिहिलं तर ती नुसती रेघ.

चित्रातली व्यक्ती थेट आपल्याकडे बघत असेल तर डिमांड. ती आपल्याकडून काहीतरी मागते: मदत, भीती, आदर, खरेदी. दुसरीकडे बघत असेल तर ऑफर, आपण नुसते बघे. डिमांड लिहिताना काय मागितलंय ते चेहऱ्यावरून आणि हातांवरून ठरतं, फक्त डोळ्यांवरून नाही.

रूल ऑफ थर्ड्सबद्दल एक ओळ. दोन आडव्या, दोन उभ्या रेघा, नऊ खाने, चार छेदबिंदू. विषय त्यातल्या एखाद्या बिंदूवर बसवायचा. ही कल्पना जॉन थॉमस स्मिथ यांनी १७९७ मध्येच शब्दांत मांडली होती. पण हा नियम पाळला म्हणून परिणाम होत नाही. मधोमध उभं केलेलं पात्र मुद्दाम ताठर किंवा कोंडलेलं वाटू शकतं. नियम कुठे मोडलाय ते सांगणं बऱ्याचदा जास्त फलदायी.

कानामात्रा

एक चित्र आणि एक वाक्य घेऊन शेवटपर्यंत सोडवून दाखवूया का? वाक्य मी देते: 'द ओल्ड क्लॉक कॉफ्ड ट्वाइस अँड गेव्ह अप.'

शब्दखूण

घेतो. 'कॉफ्ड' आणि 'गेव्ह अप' दोन्ही क्रिया माणसाच्या, म्हणून पर्सॉनिफिकेशन. पण नुसता माणूस नाही, आजारी म्हातारा. 'ओल्ड' हे घड्याळाचं साधं विशेषण होतं, 'कॉफ्ड' आल्यावर ते वय झालं. 'क्लॉक' आणि 'कॉफ्ड' दोन्ही क ने सुरू होतात, म्हणजे ॲलिटरेशन. दोन्हीत ऑ हा स्वर आहे, म्हणजे असोनन्सही. घशातून सुटणारा तो कठीण क दोनदा आपटतो, आणि वाक्यात खोकलाही दोनदाच. 'गेव्ह अप' हा बोलीतला, तुटक शेवट. 'डाइड' लिहिलं असतं तर शोक आला असता. 'गेव्ह अप' मध्ये कंटाळा आहे, थोडी गंमतही. म्हणून टोन हळवा नाही, मायेनं चिडवणारा आहे.

उत्तराचा सांगाडा बघा: संज्ञा, नेमका शब्द अवतरणात, त्या शब्दाने काय सुचतं आणि तोच शब्द का, दुसरा का नाही. शेवटचा भाग बहुतेक जण सोडून देतात. पर्यायी शब्द ठेवून बघणं ही सगळ्यात स्वस्त आणि हमखास युक्ती.

तिरपाकोन

चित्र माझ्याकडून. पाणीबचतीचं पोस्टर आहे असं धरा. सगळं करड्या रंगात. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या नळापर्यंत माणसांची तिरकी रांग, सगळे पाठमोरे. रांगेच्या शेवटी, म्हणजे आपल्या सगळ्यात जवळ, एक मुलगी मागे वळून आपल्याकडे बघते. तिच्या हातात लाल बादली. चित्रात दुसरा रंग नाही. कॅमेरा थोडा वरून.

उत्तर असं उभं राहील. लाल बादली सेलिअंट, कारण करड्या चौकटीत सॅच्युरेशन असलेली ती एकच वस्तू. बादलीवरून नजर मुलीच्या चेहऱ्यावर जाते, तिथे डिमांड. बाकी सगळे पाठमोरे, त्यामुळे एकटी तीच आपल्याशी बोलते. रांग हा व्हेक्टर, बादलीपासून नळापर्यंत. त्याची लांबी हाच पोस्टरचा युक्तिवाद, कारण बघणाऱ्यालाही तेवढं अंतर डोळ्यांनी चालावं लागतं. हाय अँगलमुळे माणसं लहान होतात आणि रांग पूर्ण दिसते. इथे दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. नळ वर उजवीकडे, लहान आणि फिका, म्हणजे जे हवंय ते सगळ्यात कमी सेलिअंट. हा उलटा क्रम पकडलात तर उत्तर वरच्या पट्टीत जातं.

निळीशाई

हे वाक्य तपासाल का? 'द पोएट यूझेस पर्सॉनिफिकेशन टु मेक द पोएम इंटरेस्टिंग अँड एंगेज द रीडर.'

अर्धविराम

हे वाक्य जगातल्या कुठल्याही कवितेला चिकटवता येतं, हाच त्याचा दोष. 'इंटरेस्टिंग' आणि 'एंगेज' काढा, त्या जागी या कवितेपुरतं खरं असेल ते लिहा. 'शोज' च्या ऐवजी सजेस्ट्स, इम्प्लाइज, इव्होक्स यातला बसेल तो घ्या, पण उगाच जड शब्द घालू नका. सजेस्ट्स म्हणजे अंधुक सुचवणं, इम्प्लाइज म्हणजे न बोलता सांगणं, इव्होक्स फक्त भावना आणि आठवणींसाठी. 'इव्होक्स द आर्ग्युमेंट' चुकीचं.

टाळमृदंग

उच्चारांचंही लिहून ठेवतो, तोंडी परीक्षेत हेच बोचतात. सिमिली, तीन अवयव, 'सिमाइल' नाही. हायपर्बली, चार अवयव, 'हायपरबोल' नाही. मोटीफ, शेवटी दीर्घ ई. सीझ्युरामधला झ मऊ. लिहिताना ऱ्हिदम या शब्दात ए, ई, आय, ओ, यू यातलं एकही अक्षर येत नाही: आर, एच, वाय, टी, एच, एम. राइमची सुरुवातही आर-एच-वाय अशीच, पण शेवटी एम आणि ई. आणि अपॉस्ट्रॉफी हे विरामचिन्ह तर आहेच, पण समोर नसलेल्या माणसाला किंवा निर्जीव वस्तूला थेट हाक मारणं यालाही तेच नाव आहे. प्रश्नात 'फिगर ऑफ स्पीच' असं लिहिलेलं असेल तर दुसरा अर्थ घ्यायचा.

निळीशाई

मग 'ओ डेथ, वेट अ लिटल' यात अपॉस्ट्रॉफी की पर्सॉनिफिकेशन?

शब्दखूण

दोन्ही. हाक मारली म्हणून अपॉस्ट्रॉफी, आणि थांबायचं की नाही हे मृत्यूने ठरवावं असं मानलं म्हणून पर्सॉनिफिकेशन. एकच लिहायला जागा असेल तर अपॉस्ट्रॉफी लिहा, आणि 'वेट' अवतरणात घ्यायला विसरू नका.